उत्तर आलं, पण का आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रातलं गूढ शब्दकोडं, ज्याला सगळे क्रिप्टिक म्हणतात, ते तुम्ही वर्षभर रोज घेऊन बसता. तिसातले आठ-दहा शब्द सुटतात. दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून येतात तेव्हा निम्म्या ठिकाणी ‘हे असं कसं?’ एवढंच हाती उरतं. आता कोडेवेड्या मित्रमंडळींनी रोजच्या कोड्याची उकल लिहून द्यायचं काम तुमच्या गळ्यात घातलंय. ते घ्यावं का, लिहावं कसं, आणि मराठीत वाढलेल्या माणसाला हा प्रकार खरोखर जमतो का, असं तुम्ही विचारलंय.

काम घ्या. आधी सोडवण्यात तरबेज व्हायचं आणि मग उकल लिहायची, असा क्रम मी कुणाच्याच बाबतीत पाहिलेला नाही. लिहायला लागल्यावर कोडी सुटायला लागतात. का, ते सांगतो.

मी हे शिकलो डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये. शेजारी एक काका बसायचे, पेपराची आठ पदरी घडी करून कोडं तेवढं वर ठेवायचे. मी डोकावून उत्तर सांगितलं की ते पेन हवेतच धरून विचारायचे, ‘का?’ मी म्हणायचो, ‘बसतंय की चौकटीत.’ ते म्हणायचे, ‘बसणारे दहा शब्द असतील. हाच का, ते सांग.’ आणि सांगता आलं नाही तर ती घरं ते दादरपर्यंत कोरी ठेवायचे. पहिले दोन महिने माझी उत्तरं वाढायच्या ऐवजी कमी झाली. पण जी येत होती ती खोडावी लागत नव्हती. तुमच्या तक्रारीचं मूळ इथंच आहे: तुम्ही आठ-दहा शब्द ‘सोडवता’ त्यातले किती क्लू, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या ओळी, शेवटच्या अक्षरापर्यंत समजावून सांगता येतील, हे एकदा मोजून पाहा.

यंत्रणा साधी आहे. क्लूचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ असतो, म्हणजे व्याख्या. दुसऱ्या भागात तोच शब्द अक्षरांच्या खेळातून बांधलेला असतो. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळतात. व्याख्या नेहमी क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधोमध कधीच नसते. आणि हे दोन भाग सांधून जे वाक्य तयार होतं, त्याचा वरवरचा अर्थ तुम्हाला भलतीकडे नेण्यासाठीच असतो.

इंग्रजी उदाहरणांनी हे शिकवलं की शिकणारा इंग्रजीत अडकतो आणि यंत्रणा बाजूला राहते. म्हणून नव्या माणसाला मी मराठी क्लू देतो. माझ्या आवडीचा हा पहिला:

आईचा फाटका पदर धरून बसलेलं फूल (२)

कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. वाचताना डोळ्यांपुढे चित्र येतं: आई, तिचा विरलेला पदर, त्याला धरून बसलेलं लेकरू. ते चित्र पुसून टाका. शेवटचा शब्द ‘फूल’ ही व्याख्या. ‘धरून बसलेलं’ सांगतंय की उत्तर आधीच्या शब्दांत दडलंय. ‘आईचा फाटका’ यातलं ‘चा’ आणि ‘फा’ शेजारी ठेवा: चाफा. पदराचा काही संबंध नाही, पण तोही त्या शब्दांच्याच ओळीत आहे, त्यामुळे फुकट आलेला नाही.

आता जोडाक्षरी नव्हे, जोडशब्दी प्रकार बघू. ‘पहिल्या सुरामागून चांदणी, कंदी पेढ्यांचं गाव (३)’. पहिला सूर सा, चांदणी म्हणजे तारा: सातारा. ‘डझनभर बुद्धीचं मोरोपंतांचं गाव (४)’: बारा आणि मती. हा क्लू मी मुद्दाम मोरोपंतांवर घेतला, कारण अक्षरांशी खेळण्याची हौस आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. ओठ न मिटता म्हणता यावं असं निरोष्ठ रामायण लिहिणारा माणूस कऱ्हेकाठी बसून तेच करत होता, जे सेटर, म्हणजे कोडं रचणारा, चौकटीपुढे बसून करतो.

अक्षरांची फिरवाफिरव, म्हणजे ॲनाग्राम, हा सगळ्यांच्या ओळखीचा. ‘खवळलेली मगर तापलेली (३)’: मगर खवळली, म्हणजे तिची अक्षरं जागेवरून हलली, आणि झालं गरम. ‘खवळलेली’ हा इशारा. असे इशारे ओळखायला शिका. बिघडलेला, विस्कटलेला, झिंगलेला, नाचणारा, दुरुस्त केलेला, काहीही चालतं, फक्त त्यातून मोडतोड किंवा हालचाल सुचली पाहिजे. इंग्रजीत ड्रंक, ब्रोकन, कुक्ड, नॉव्हेल, आउट हे शब्द दिसले की शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजायची. ‘डर्टी रूम’ची अक्षरं हलवून ‘डॉर्मिटरी’ होते हे जुनं उदाहरण तुम्ही ऐकलं असेलच.

एका शब्दाच्या पोटात दुसरा: ‘वेदनेच्या पोटी मनाचा आरंभ, चिखलातलं फूल (३)’. वेदना म्हणजे कळ, मनाचा आरंभ म्हणजे म, तो कळेच्या पोटात घाला: कमळ. शेपूट तोडणं: ‘अखेर न गाठलेलं तुफान म्हणजे भांडण (२)’, वादळातलं शेवटचं अक्षर गळालं, वाद उरला. दोन अर्थ एकत्र: ‘होडीची ओळख (२)’, दोन्हीकडून नाव. उलटापालट: ‘ठेका उलटला तरी गानसम्राज्ञी (२)’, ताल उलटा वाचा. उलट वाचायचा प्रकार तर वाल्या कोळ्याच्या गोष्टीपासून आपल्या घरात आहे. ‘मरा मरा’ म्हणत तो ‘राम’पर्यंत पोचला, हे आजीकडून ऐकलेल्या पोराला उलट्या क्लूचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

आणि एक प्रकार असा, की जमला तर सेटर आठवडाभर खूश असतो. त्यात पूर्ण वाक्य हीच व्याख्या आणि पूर्ण वाक्य हाच अक्षरांचा खेळ असतो. ‘फिरवून सांगितलेली खबर (३)’. खबरची अक्षरं फिरवा: बखर. आणि बखर असतेच मुळी फिरवून सांगितलेली खबर. यातली गंमत अशी की बखर हा शब्दच ‘खबर’ची अक्षरं उलटीपालटी होऊन तयार झाला, असं एक मत अभ्यासक मांडत आलेत. हा क्लू भाषेने आधीच तयार करून ठेवला होता. मी तो फक्त उचलला.

तुम्ही म्हणाल, खेळ कळला, पण इंग्रजी कोड्यात मी फसतो ते दुसऱ्याच ठिकाणी. बरोबर. फसतो तो शब्दांच्या सांध्यावर. यासाठी मी एक संस्कृत कूट सांगतो, कारण याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही: ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः। रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव॥’ कृष्ण पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला आणि कौरव मात्र रडू लागले? उलटं व्हायला हवं होतं निदान कौरवांच्या बाबतीत! पण ‘केशवं’ तोडा: के शवं, पाण्यात प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे वाईट ओरडणारे, कोल्हे. प्रेत पाण्यात पडलंय, कावळ्याला ते मिळेल, काठावरच्या कोल्ह्यांना नाही. महाभारताची सगळी पात्रं मंचावर आणून कवीने तुमची नजर बांधून ठेवली आणि काम केलं एका सांध्यावर.

इंग्रजी सेटर रोज हेच करतो. सोबत आलेले दोन शब्द तुम्ही एकत्र वाचता; त्याला ते वेगळे वाचायला हवे असतात, कारण एक व्याख्येचा आणि दुसरा खेळाचा. स्वल्पविराम, मोठं अक्षर, वाक्य जिथे श्वास घेतं ती जागा, यातलं काहीही प्रमाण मानू नका. काकांची युक्ती सांगतो. ते अंगठ्याने क्लूचा उजवा अर्धा भाग झाकायचे आणि उरलेल्या एक-दोन शब्दांना विचारायचे, ‘तू व्याख्या आहेस का?’ मग डावा भाग झाकायचे. अंगठा एकेक शब्द सरकवायचा. ऐकायला बाळबोध वाटतं, पण वाक्याची नजरबंदी मोडायला माझ्या माहितीत दुसरा उपाय नाही. अजूनही अडलो की माझा अंगठा आपोआप कागदावर जातो.

काही शब्दांचे इंग्रजी कोड्यांतले अर्थ ठरून गेलेले आहेत, ते पाठच करावे लागतात. फ्लॉवर म्हणजे फूल नव्हे, जी वाहते ती, नदी. नंबर म्हणजे बधिर करणारा, म्हणून ईथर. वर्कर म्हणजे बहुधा मुंगी किंवा मधमाशी. सेलर म्हणजे टार किंवा एबी. डॉक्टर म्हणजे डीआर, एमओ, जीपी यातलं काहीतरी. या बाबतीत आपल्या लोकांना एक मोठा आधार आहे, तो क्रिकेटचा. मेडन म्हणजे एम, डक म्हणजे ओ, ऑन म्हणजे लेग, एक्स्ट्रा म्हणजे बाय किंवा वाइड. हे अमेरिकन माणसाला घोकावं लागतं. आपण ते शाळेच्या मैदानावर शिकलो. उलट इंग्लंडातल्या छोट्या नद्या आणि जुन्या शाळांची नावं आपल्याला घोकावी लागतात. एका वहीत रोज भेटलेले चार शब्द लिहा, सहा महिन्यांत ही अडचण राहणार नाही. तुमच्या पेपरात बाहेरून घेतलेलं ब्रिटिश कोडं येत असेल तर हा भाग जड जातो. द हिंदूचं रोजचं कोडं आपल्याकडचे सेटर टोपणनावांनी रचतात, त्यामुळे त्यात इथली माणसं, इथली गावं, इथलं खाणं डोकावतं. सुरुवातीला ते बरं पडतं.

कधीकधी क्लूमध्ये शब्दच नसतात. ‘एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ (५)’ हा जुना प्रसिद्ध क्लू. एचपासून ओपर्यंत, म्हणजे इंग्रजीत ‘एच टू ओ’, वाचून पाहा: वॉटर. अशा क्लूपुढे अंगठा उपयोगी नाही, तिथे मोठ्याने वाचावं लागतं. लोकलमध्ये मोठ्याने वाचायला लाज वाटायची, काकांना वाटायची नाही.

वेगाच्या मागे लागू नका. जानेवारी १९४२ मध्ये डेली टेलिग्राफने बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कच्या गुप्तलेख उकलणाऱ्या चमूसाठी बोलावणं गेलं, ही गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते. मलाही आवडते. पण बारा मिनिटांत सोडवणारा माणूस उकल लिहायला बहुतेक वेळा निरुपयोगी असतो, कारण आपण कसे पोचलो हे त्याला आठवतच नाही. तुम्ही आठ-दहा शब्दांवर अडकता, म्हणजे वाटेतला प्रत्येक दगड तुम्हाला माहीत आहे. वाचणाऱ्याला तोच हवा असतो.

आता उकल लिहिण्याबद्दल. मी याला जमाखर्च म्हणतो. उत्तरातल्या प्रत्येक अक्षराची आवक दाखवता आली पाहिजे आणि क्लूमधल्या प्रत्येक शब्दाचा खर्च. एक अक्षर कुठून आलं ते कळत नसेल किंवा एक शब्द काहीच काम करत नसेल, तर हिशेब जुळलेला नाही. लिहिताना व्याख्येखाली रेघ ओढा, खेळाचे तुकडे आले त्या क्रमाने मांडा, गाळलेली अक्षरं वेगळी दाखवा. ‘सोपा’ किंवा ‘उघड आहे’ हे शब्द लिहू नका. ज्याला तो आला नाही, त्याच्यासाठीच तुम्ही लिहिताय. सकाळीच उत्तरं वाटू नका, लोकांची संध्याकाळ त्यांना राहू द्या. बक्षिसाचं कोडं असेल तर प्रवेशिका पाठवायची शेवटची तारीख उलटेपर्यंत थांबा.

आणि एक ओळ लिहायला कधी कचरू नका: ‘उत्तर क्रॉसिंगच्या अक्षरांवरून आलं, कारण कळलं नाही.’ (क्रॉसिंग म्हणजे आडवे-उभे शब्द एकमेकांना छेदतात ती घरं.) इतक्या वर्षांत मला सर्वांत जास्त शिकवलं असेल तर याच ओळीने. ती लिहिली की संध्याकाळपर्यंत कुणीतरी कारण सांगतं, आणि ते कारण पुन्हा विसरत नाही. ती न लिहिता काहीतरी ओढूनताणून जुळवलेलं कारण दिलं, की तुम्ही चुकीचं शिकता आणि दहा जणांना शिकवता.

दोष दाखवणं हा उकलीचा भाग आहे, पण त्यासाठी नियम काय ते पक्कं ठाऊक हवं. क्रॉसवर्डचा जन्म २१ डिसेंबर १९१३चा, न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये आर्थर विनने छापलेल्या हिऱ्याच्या आकाराच्या कोड्याचा. पण त्यात सरळ अर्थच होते. गूढ क्लूंना पूर्णपणे वाहून घेतलं ते लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये १९२६ पासून टॉर्केमादा या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडवर्ड पॉविस मॅथर्सने. १ फेब्रुवारी १९३०ला टाइम्सनेही कोडं सुरू केलं. त्या काळात क्लू कसाही असायचा, सेटरच्या मनात काय आहे ते ताडायचं. मग ॲफ्रिट या नावाने रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये सेटरला एक शिस्त घालून दिली. तिचा भावार्थ असा, की म्हणतोस ते तुझ्या मनात नसलं तरी चालेल, पण मनात आहे ते तू म्हटलंच पाहिजे. टॉर्केमादानंतर ऑब्झर्व्हरमध्ये आलेल्या झिमेनेसने, म्हणजे डी. एस. मॅकनटने, १९६६च्या आपल्या पुस्तकात त्याच शिस्तीची बारीक नियमावली केली. १९७२ पासून ती गादी अझेडने, म्हणजे जोनाथन क्राउदरने चालवली. टॉर्केमादा, झिमेनेस हे दोघे स्पॅनिश धर्मन्यायालयातले छळवादी अधिकारी; तिसरा होता देझा, आणि त्याचं नाव इंग्रजीत उलटं लिहिलं की अझेड होतं. नाव निवडतानाही उलटा क्लू!

म्हणून दोष लिहिताना ‘मला आवडला नाही’ आणि ‘हा चुकीचा आहे’ हे वेगळं ठेवा. दोन मराठी क्लू घेऊन दाखवतो. ‘डोकं उडालेलं कपाट, जेवायला बसा (२)’. उत्तर पाट. खेळ चोख आहे: कपाटातलं पहिलं अक्षर गेलं. पण ‘जेवायला बसा’ हे क्रियापद झालं आणि पाट आहे नाम. व्याख्या ही उत्तराच्या जागी वाक्यात बसली पाहिजे. ‘डोकं उडालेलं कपाट, जेवायला बसण्याचं (२)’ असं केलं की दोष गेला. हे मत नव्हे, हा दोष आहे, आणि दुरुस्तीसकट लिहिला तर सेटरलाही उपयोगी.

दुसरा याहून अवघड. ‘बिथरलेला नवरा म्हणजे माकड (३)’. उत्तर वानर. हा मी मैफलीत सांगितला की हशा पिकतो. तरीही मी तो नापास करतो. नवराची अक्षरं न, व, रा. वानरची वा, न, र. र चा काना उचलून व ला लावल्याशिवाय हे जमत नाही. मराठी कोड्यात एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रेसकट, जोडाक्षर असलं तरी एकाच घरात. मग हलवतानाही अख्खं अक्षर हललं पाहिजे. उद्या काना सुटा केला तर परवा वेलांटी सुटी होईल आणि सोडवणाऱ्याच्या हाती धरायला काही राहणार नाही. माझ्या काही मित्रांना हे फार कडक वाटतं. वाटो. खबर-बखर, मगर-गरम, कमल-कलम असे स्वच्छ जोड भाषेत असताना काना चोरायची गरज नाही.

याच कारणाने मराठीत गूढ क्लू रचणं इंग्रजीहून कठीण आहे. आणखी एक अडचण विभक्तीची. इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही टाका, त्याचं रूप तेच राहतं. आपल्याकडे घोडाचं घोड्याला होतं, मगरचं मगरीला. ‘मगरीला खवळवलं’ म्हटलं की म, ग, र ही अक्षरंच हातातून जातात. म्हणजे ज्या शब्दाशी खेळायचं तो सरळरूपात राहील असं वाक्य शोधावं लागतं. पण सोडवणाऱ्याला मराठीत एक फायदा आहे. इंग्रजीत क्रॉसिंगमधून एक अक्षर मिळालं तर सव्वीसातलं एक मिळतं. इथे ‘झा’ मिळालं की पूर्ण बाराखडीतलं एकच घर हाती आलं. मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा शब्दकोश उघडून ‘झा’ची पानं चाळा, किती थोडी आहेत बघा. तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे: मराठीत वाढलेल्या माणसाला जमतं, आणि इंग्रजी कोड्यांवर हात बसला की त्याने मराठी क्लू रचायला घ्यावेत. आपल्या वर्तमानपत्रांतली शब्दकोडी बहुतेक सरळ अर्थाचीच राहिली आहेत. इथे करण्यासारखं पुष्कळ आहे.

दोष दाखवण्याबद्दल एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उभ्या क्लूवर मी लिहिलं होतं, ‘एक अक्षर जास्तीचं, सेटरची घाई दिसते.’ क्लूमध्ये ‘ओव्हर’ शब्द होता. उभा क्लू, म्हणून मी तो ‘वरती’ या अर्थाने घेतला होता. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी नम्रपणे विचारलं, की तो क्रिकेटमधला ओव्हर, म्हणजे नुसता ओ, धरला तर? धरला, आणि हिशेब जुळला. क्लू निर्दोष होता, आणि चांगला होता. मी दुरुस्ती आदल्या दिवसाच्या उकलीच्या माथ्यावर लिहिली. तेव्हापासून दोषाची ओळ मी रात्रभर ठेवतो आणि सकाळी पुन्हा हिशेब मांडून मगच पुढे पाठवतो. तुम्हीही तसंच करा. क्लू वाईट वाटतो तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा आपल्यालाच काहीतरी दिसलेलं नसतं.

समोर एक माणूस आहे हे उकल लिहिणाऱ्याने विसरू नये. गार्डियनसाठी ॲराउकेरिया या नावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम पाद्री होते. झिमेनेसचे कडक नियम त्यांनी पुष्कळदा मोडले, आणि तरी त्यांच्याइतकं प्रेम कुठल्याच सेटरला मिळालं नाही. नियमांबद्दल एवढं बोलून मी हे सांगतोय, कारण दोन्ही खरं आहे: ते कुठे वाकतात ते सोडवणाऱ्याला कळत असे, त्यांनी कधी कुणाला अंधारात ठेवलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये एका कोड्यासोबतच्या टिपणीत त्यांनी आपल्याबद्दलचं एक वाक्य दिलं, त्यात शब्दांच्या जागी क्लूंचे क्रमांक होते. ते क्लू सोडवले तेव्हा वाक्य पूर्ण झालं: त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झालाय आणि त्यावर वेदना सुसह्य करण्याचे उपचार चालू आहेत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते गेले. त्या दिवशी ज्यांनी उकल लिहिली असेल त्यांच्या हाताचा मी अनेकदा विचार करतो. प्रत्येक घर भरताना बातमी थोडी थोडी कळत गेली असणार.

सुरुवात उद्याच्या कोड्यापासून करा. सगळं कोडं सुटलं पाहिजे असं नाही. जेवढे सुटले तेवढ्यांचा जमाखर्च लिहा, बाकीच्यांपुढे ‘कळला नाही’ लिहा. त्याआधी हात मोकळा व्हावा म्हणून चार क्लू देतो. मला नुसती उत्तरं पाठवू नका. काकांनी विचारलं असतं ते सांगा.

तुझा डबा उघडला, आत वृक्ष (२)

सदा उलटा टांगलेला नोकर (२)

बिघडलेला गजर, म्हणून निकड (३)

लबाड जनावरामागे पाण्याचा लोंढा, चपलांचं गाव (४)